डोळ्यांत पैकीच्या पैकी

माझ्या मुलीला सगळ्या शाळेत मिळून एकदाच पैकीच्या पैकी गुण मिळाले, आणि तेही डोळ्यांत. गणितात नाही, भाषेत नाही, भूगोलात तर नाहीच नाही, डोळ्यांत. त्या यशाचं सगळं श्रेय माझं आहे. गेली सेहेचाळीस वर्षं मी ते कुणाच्या तरी गळ्यात घालायचा प्रयत्न करते आहे, पण घ्यायला कुणी तयार नाही.

तेव्हा मी घरी शिकवण्या घ्यायची. दुपारी तीन ते सहा बाहेरच्या खोलीत दहा-बारा मुलं भिंतीला टेकून बसायची आणि एका सुरात पाढे, राजधान्या, सनावळ्या, व्याकरणाचे नियम म्हणायची. आमच्या इमारतीत मला ‘पाठांतराच्या बाई’ म्हणत. मला त्याचा अभिमान होता. मुलाला विषय समजला की नाही, या भानगडीत मी कधी पडले नाही. समजणं हे वरच्या इयत्तांचं काम, आधी आलं पाहिजे, असं माझं मत होतं, आणि पालकांचं तर माझ्याहून पक्कं होतं.

अशा बाईच्या घरात ताडू जन्माला आली. ताडासारखी सरळ वाढली म्हणून ताडू. चौथीत असताना ती पाचवीच्या मुलींपेक्षा वितीने उंच होती. तोंडी विचाराल ते खडाखडा सांगायची. एकदा ऐकलं की संपलं, दगडावरची रेघ. पण फळ्यावरचं वहीत उतरवायचं म्हटलं की तीनशेचे आठशे व्हायचे, बेरजेची वजाबाकी व्हायची, आणि प्रश्नच चुकीचा उतरवल्यामुळे उत्तर बरोबर असून चूक यायचं. वाचताना नाक पुस्तकात. समोरच्या दारातल्या काकू म्हणायच्या, “तुमची ताडू पुस्तक वाचते का हुंगते हो?” मी हसण्यावारी न्यायची, पण आतून जळायची. जिच्या हाताखाली दुसऱ्यांची मुलं पुढे जातात, तिची स्वतःची मुलगी काठावर पास! दिव्याखाली अंधार ही म्हण मी मुलांकडून पाठ करून घेत असे, पण ती म्हणताना आवाज खाली घ्यायची.

वर्गाच्या बाईंना काहीतरी शंका आली असावी. सहामाहीनंतर त्यांनी ताडूला शेवटच्या बाकावरून उचलून पहिल्या बाकावर बसवलं. लगेच मागच्या मुलींच्या आयांच्या तक्रारी सुरू झाल्या: पुढे ताड उभा केल्यावर आमच्या मुलींनी फळा बघायचा कसा? बाई म्हणाल्या, “डोळ्यांची तपासणी होऊ दे, मग ठरवू.”

आणि मग ती चिठ्ठी आली.

आता त्या चिठ्ठीबद्दल मला थोडं बोललंच पाहिजे, कारण माझ्या बाजूने बोलणारी तेवढीच एक गोष्ट आहे. शाळेकडे परीक्षेच्या सूचनांचे छापील कागद उरले होते. काटकसर म्हणून त्यांनी तेच वापरले. त्यावर लिहिलं होतं, ‘विषय: डोळे. वार: शनिवार. वेळ: सकाळी दहा. पालकांनी पाल्याची पूर्ण तयारी करून घ्यावी.’ खाली मुख्याध्यापिकांची सही, शाळेचा शिक्का. तुम्हीच सांगा, पाठांतराच्या बाईने असा कागद वाचून काय करावं? मी कागद फ्रेमसारखा दोन्ही हातांत धरला आणि म्हटलं, “तयारी करून घेतेच.”

आमचे ‘हे’ पेपर वाचत होते. वजनमापं तपासायच्या खात्यात होते. दुकानादुकानांत जाऊन वजनं खरी की खोटी ते बघायचं, हा त्यांचा धंदा. ते पेपराआडून म्हणाले, “डोळ्यांची कसली तयारी?”

“परीक्षा म्हटली की तयारी आलीच.”

“अगं, डोळे हे असतात किंवा नसतात.”

“तुम्ही खात्याची परीक्षा तीनदा दिलीत,” मी म्हटलं. “तुम्ही या विषयात बोलू नका.”

ते पुन्हा पेपराआड गेले. मी बऱ्याच गोष्टींत त्यांना असं पेपराआड पाठवलं आहे. त्यातली ही एक गोष्ट मला परत मिळाली तर हवी आहे.

खालच्या मजल्यावर कंपाउंडरकाका राहत. त्यांच्या दवाखान्यात डोळे तपासायचा नवा तक्ता आला होता आणि जुना, एका कोपऱ्यात उंदराने कुरतडलेला, टाकून द्यायचा होता. “सगळीकडे हाच असतो,” ते तो माझ्या हातात देत म्हणाले. “सरकारी छपाई. इथून तिथून एकच.” प्रश्नपत्रिका आधी हातात पडल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी आरशात पाहिलं.

तक्त्यावर सहा ओळी होत्या. वर एकच अक्षर, भलंमोठं. मग खाली खाली अक्षरं वाढत जाणार आणि बारीक होत जाणार. नियम असा की मुलाने वीस फुटांवर उभं राहायचं. आमची सगळ्यात लांब खोली अकरा फुटांची. आता ‘हे’ काही झालं तरी मापाचे माणूस, मत देता आलं नाही तरी माप देणारच. खात्याची फीत काढून त्यांनी स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपासून मोजायला सुरुवात केली. स्वयंपाकघर संपलं, बाहेरची खोली संपली, उंबरा संपला, जिन्यासमोरची जागा संपली, आणि विसावा फूट बरोबर काकूंच्या दारातल्या पायपुसण्यावर पडला.

“अर्धा फूट अलीकडे चालेल की,” मी म्हटलं.

“वीस म्हणजे वीस,” ते म्हणाले.

अशा रीतीने ताडू काकूंच्या पायपुसण्यावर उभी राहिली, दोन्ही घरांची दारं सताड उघडी झाली, आणि आमची खासगी बाब सार्वजनिक झाली. काकू दारातच स्टूल घेऊन बसल्या. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क जिना उतरता उतरता थांबले ते कठड्याला टेकून थांबलेच. त्यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, आणि कुणाच्या तरी कामात दुरुस्ती सुचवल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

मी पट्टी घेऊन तक्त्याशी उभी राहिले. “हं, वरचं वाच.”

“र,” ताडू म्हणाली.

“पुढची ओळ.”

ती डोळे बारीक करून, मान वाकडी करून बघत राहिली. “न... आणि... म?”

“ल. पुढची?”

“पुढची नाहीये.”

“नाहीये म्हणजे? चार ओळी आहेत अजून.”

“तिथे मुंग्या आहेत.”

काकू खुसखुसल्या. हेडक्लार्क म्हणाले, “गाजर द्या.” काकू म्हणाल्या, “गाजराने काही होत नाही हो, हिरवळीवर अनवाणी चालवा.” हेडक्लार्क म्हणाले, “इथे हिरवळ कुठे आहे?” काकू म्हणाल्या, “मग गाजर आणून तरी तुम्ही कुठे देणार आहात?” या गडबडीत ताडू हळू आवाजात बोललेली एक गोष्ट फक्त मला ऐकू आली.

“आई, मला दिसत नाही.”

तेव्हा मी तिला जे सांगितलं ते इथे जसंच्या तसं सांगते. मी पट्टी खाली ठेवली, वीस फूट चालत गेले, आणि तिच्या कानाशी म्हटलं, “चारचौघांत ‘दिसत नाही’ असं म्हणायचं नाही. ‘येत नाही’ म्हण. म्हणजे मला शिकवता येईल.”

ती शहाणी मुलगी होती. म्हणाली, “येत नाही.”

मग काय, माझं राज्यच सुरू झालं. प्रत्येक ओळीला मी एक वाक्य बांधलं, आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर म्हणजे तक्त्यावरचं अक्षर. माझी जुनी पद्धत, नद्यांना आणि डोंगरांना वापरून सिद्ध झालेली. ‘क प त’साठी ‘कपाटातली पिशवी ताईची’. ‘ट ब द ज ह’साठी ‘टेबलाशी बस, दप्तर जवळ हवं’. सगळ्यात खालच्या, जिथे भल्याभल्यांची दांडी उडते त्या ‘य घ श च न’साठी ‘यंदा घरात शंभर चुका नकोत’. आणि मधल्या ‘ग म व स’साठी मी केलेलं वाक्य होतं, ‘गप्प मुली वर्गात सरस’. ते मला फार आवडलं होतं. काकूंनाही आवडलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

चार दिवसांत ताडू तयार झाली. हेडक्लार्क म्हणाले, “उलट विचारतील. शेवटून पहिल्याकडे. आमच्या वेळी विचारायचे.” मी उलटं पाठ करून घेतलं. मग प्रश्न आला की एक डोळा झाकायला सांगतात.

“दुसऱ्या डोळ्याचं वेगळं पाठ करायचं का?” ताडूने विचारलं.

“नाही, तेच,” मी म्हटलं. “दोन्ही डोळ्यांना अभ्यासक्रम एकच.”

शुक्रवारी संध्याकाळी तिने सगळा तक्ता सरळ, उलट, आणि शेवटी माझ्याकडे तोंड करून, तक्त्याकडे पाठ करून, डोळे मिटून म्हणून दाखवला. डोळे मिटून! मी टाळी वाजवली. “शाब्बास!” म्हटलं. त्या वर्षात मी तिला शाब्बास म्हटल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं. तिलाही तेवढंच आठवतं.

शनिवारी काय झालं ते मला वर्गाच्या बाईंकडून कळलं. तपासायला आलेल्या बाईंना एका सकाळी दोनशे मुलं उरकायची होती. प्रत्येक मुलगा अडखळत होता, रडत होता, शेजारच्याकडे बघत होता. ताडूचा नंबर आला. तपासणाऱ्या बाईंनी पट्टी उचलायच्या आतच तिने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात म्हटलं आणि विचारलं, “आता उलटं म्हणू?” त्या बाईंनी कौतुकाने तिच्या गालाला हात लावला आणि कार्डावर लिहिलं, ‘दृष्टी अतिउत्तम’. ‘अति’ हे त्यांनी स्वतःच्या मनाने जोडलं होतं. छापील कागदावर ते नव्हतं.

मी सगळ्या मजल्यांवर चॉकलेटं वाटली. हेडक्लार्कांनी कार्ड उजेडात धरून शिक्का तपासला आणि “वैध आहे” म्हणाले. पुढच्या शनिवारी दुसऱ्या तुकडीची तपासणी होती. काकूंनी आपल्या धाकट्याला आणि कंपाउंडरकाकांच्या मुलाला माझ्याकडे पाठवलं, बरोबर आणखी दोघं आली. चार मुलं भिंतीला टेकून ‘गप्प मुली वर्गात सरस’ म्हणत होती, आणि मी पट्टीने ताल धरत होते. चौघांनाही ‘उत्तम’ मिळालं. त्यातल्या तिघांचे डोळे मुळातच चांगले होते. चौथ्याचं पुढे सांगते.

‘दृष्टी अतिउत्तम’चं पहिलं फळ सोमवारी मिळालं. ताडूला परत शेवटच्या बाकावर बसवलं. बाईंच्या शंकेचं निरसन झालं होतं, त्यांचा तरी काय दोष? डोळे अतिउत्तम आहेत आणि तरीही फळ्यावरचं उतरवत नाही, म्हणजे आळस. ‘लक्ष नसते’, ‘टंगळमंगळ’, ‘खिडकीबाहेर पाहते’ असे शेरे वहीत येऊ लागले. खिडकीबाहेर तरी तिला काय दिसत होतं, देव जाणे.

मी माझ्या बाजूने कडक झाले. तिचं दुपारचं खेळणं बंद केलं, शिकवणीत पहिल्या रांगेत बसवलं. तिथे सगळं तोंडी असल्यामुळे ती सगळ्यांच्या पुढे असायची, मग मी आणखी चिडायची: घरी येतं, मग शाळेत काय होतं? ती काही बोलायची नाही. गप्प मुली वर्गात सरस.

वार्षिक परीक्षेत प्रश्न फळ्यावर लिहून देत. ताडूने त्यावर आपला मार्ग काढला होता: शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या कागदावर काय आहे ते वाकून बघायचं आणि उतरवायचं. मला वाटतं तिला फक्त प्रश्न हवे होते. पण एकदा वाकल्यावर प्रश्न कुठे संपतो आणि उत्तर कुठे सुरू होतं, हे काही कळत नव्हतं. तिने प्रश्न उतरवले, उत्तरं उतरवली, त्या मुलीच्या चुका उतरवल्या, तिने खोडलेलं खोडून उतरवलं, आणि सगळ्यात वर त्या मुलीचं नाव आणि हजेरी क्रमांकही उतरवला.

पाठांतराच्या बाईंची मुलगी कॉपी करताना सापडली! सकाळी अकराला शाळेत घडलं आणि साडेअकराला काकूंना माहीत होतं. मला बाराला बोलावणं आलं. काकू म्हणाल्या, “मी येते सोबत.” त्यांना सर्दी झाली होती, आदल्या रात्रीच्या अवकाळी पावसाने बाहेर गारठा होता, म्हणून मी माझा नारिंगी स्वेटर त्यांना दिला आणि स्वतः शाल घेतली. तो स्वेटर मी स्वतः विणलेला. असा भडक नारिंगी रंग दुसऱ्या कुणी अंगावर घेतला नसता.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, “शरीराचा दोष असता तर आम्ही समजून घेतलं असतं. पण कार्ड बोलतंय. दोष वृत्तीचा आहे.” मुलगी याच वर्गात राहणार का, ते त्या आठवडाभरात ठरवणार होत्या. मी मान खाली घालून बाहेर आले. घंटा झाली होती. फाटकाशी पालकांची गर्दी होती. मी आणि काकू चार पावलांच्या अंतराने उभ्या राहिलो, कारण अशा वेळी माझ्याजवळ उभं राहावं की नाही, हे काकूंचं ठरत नव्हतं.

ताडू बाहेर आली. सरळ आमच्या दिशेने बघितलं. मी हात हलवला. ती धावत आली, माझ्या समोरून गेली आणि काकूंच्या पोटाला मिठी मारून नारिंगी स्वेटरमध्ये तोंड खुपसून रडायला लागली. “आई, मी मुद्दाम नाही केलं. आई, मी मुद्दाम नाही केलं गं.”

“अगं, मी काकू,” काकू म्हणाल्या.

ताडूने मान वर केली. चेहरा पार काकूंच्या चेहऱ्याजवळ नेला, पुस्तक वाचताना नेत असे तसा, आणि बघितलं. मग घाबरून इकडेतिकडे मला शोधायला लागली. मी चार पावलांवर उभी होते. तिची नजर दोनदा माझ्यावरून गेली. दोन्ही वेळा थांबली नाही.

आतापर्यंत मी बरीच गंमत केली. इथे मला करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. भिंतीवर तोच तक्ता. इथून तिथून एकच, कंपाउंडरकाका खोटं बोलले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी दिवा लावला, आणि ताडूने दोन्ही हात मागे बांधून घडाघडा सगळा तक्ता म्हणून टाकला. सवयच तशी लागली होती.

“डोळे तर उत्तम आहेत हिचे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “उगाच काळजी करता.”

त्या क्षणी घरी निघून जाता आलं असतं, आणि माझी अब्रू तिथल्या तिथे राहिली असती. मी पिशवीचे बंद पिळत म्हटलं, “तिने... पाठ केलंय.”

“काय पाठ केलंय?”

“डोळे.”

डॉक्टरीणबाईंनी मला आपादमस्तक पाहिलं. “कुणी करून घेतलं?”

“हल्ली शाळांचं काय सांगावं—” मी सुरुवात केली.

“आईने,” ताडू अभिमानाने म्हणाली. “आईला सगळंच पाठ करून घेता येतं.”

डॉक्टरीणबाईंनी तक्ता काढून उलटा टांगला. एका र खेरीज तिला काही ओळखू येईना. एकामागून एक भिंगं बदलत त्या बराच वेळ काम करत राहिल्या. शेवटी नंबर लिहिताना म्हणाल्या, “ही फळा बघत होती असं तुम्हाला वाटत होतं? हिला फळा आहे एवढंच कळत असणार.”

चष्मा चार दिवसांनी मिळाला. दुकानदाराने तो तिच्या नाकावर बसवला, कानामागे नीट केला. ती दुकानाच्या त्या टोकाला, मी या टोकाला. ती माझ्याकडे बघत राहिली. इतका वेळ की मी पदराने तोंड पुसलं, काही लागलंय की काय म्हणून.

“काय गं?”

“तू रागावलीयस?”

“नाही तर.”

“मग तुझ्या कपाळावर एवढ्या आठ्या का आहेत?”

“त्या नेहमीच्याच.”

ती विचार करत म्हणाली, “लांबून मला वाटायचं तू हसतेस.”

आता तुम्हाला वाटेल गोष्ट संपली. तुम्ही शाळेच्या कचेरीत कधी गेलेले दिसत नाही. मी चष्म्याचा कागद घेऊन कारकुनासमोर उभी राहिले: मुलीला पुढे बसवा, आणि परीक्षा पुन्हा घ्या. त्यांनी जाडी वही काढली, बोट फिरवलं, थांबले. “आमच्या नोंदीप्रमाणे हिची दृष्टी अतिउत्तम आहे. हिला चष्मा लागू शकत नाही.”

“पण लागलाय. हा बघा, तिच्या नाकावर आहे.”

“नाकावर असेल. वहीत नाही.” त्यांनी ताडूकडे बघितलंसुद्धा नाही. “पुढची तपासणी पुढच्या वर्षी. तेव्हा उतरली तर नोंद बदलेल.”

हेडक्लार्कांना स्फुरण चढलं. सहा वर्षांत प्रथमच कुणीतरी त्यांच्याकडून अर्ज मागत होतं. त्यांनी मजकूर केला, ‘सदर विद्यार्थिनीची दृष्टी नजरचुकीने अतिउत्तम नोंदली गेली असून...’ कारकुनाने तो वाचून परत केला. चूक कुणाची? शाळेची नाही. तपासणाऱ्या बाईंची नाही, त्यांनी ऐकलं ते लिहिलं. मग कुणाची, ते पालकांनी स्वहस्ते लिहून द्यावं.

मी सहा कागद फाडले. पहिल्यात ‘गैरसमजुतीने’ होतं, दुसऱ्यात ‘परिस्थितीमुळे’, तिसऱ्यात मी कंपाउंडरकाकांना अडकवलं होतं. ‘हे’ समोर बसले होते, पेपर न घेता. शेवटी म्हणाले, “आमच्याकडे दुकानदार खरी वजनं वेगळी ठेवतात, कपाटात. तपासणीला आलो की ती काढतात. माल मात्र रोज जुन्याच वजनांनी जातो. त्यांना मी कधी विचारत नाही का केलं म्हणून. फक्त लिहून घेतो, केलं.”

सातव्या कागदावर मी लिहिलं, ‘मुलीला दिसत नव्हते. तिने मला तसे सांगितले होते. मी तिच्याकडून तक्ता पाठ करून घेतला.’ खाली सही केली. माझं अक्षर सुंदर होतं, त्या कागदावर ते मला फार निर्लज्ज वाटलं.

मुख्याध्यापिकांनी तो दोनदा वाचला. चांगल्या बाई होत्या. ताडूवरचा कॉपीचा शेरा त्यांनी माझ्यासमोर खोडला. पण निकाल बोर्डावर लागला होता, आणि पुन्हा परीक्षा घ्यायची तरतूद नव्हती. “मुलगी हुशार आहे,” त्या म्हणाल्या. “फक्त वर्ष गेलं.”

ताडू पुन्हा चौथीत बसली, आपल्याहून लहान मुलींमध्ये, त्यांच्याहून दीड वीत उंच. वर्ष गेलं ते एकच. पण एक वर्षभर मुलीला रोज सांगितलं की तू ढ आहेस, की ती ते पाठ करते. आणि पाठ झालेलं जात नाही, याची मी हमी देत असे.

माझ्या अर्जाची बातमी कचेरीतून बाहेर पडायला दोन दिवस लागले. शिकवणीची मुलं हळूहळू कमी झाली. ते बरंच झालं. काकूंचा धाकटा, तो चौथा, त्यालाही पुढच्या वर्षी चष्मा लागला. काकू स्वेटर धुऊन, घडी करून दारात ठेवून गेल्या, आणि त्यानंतर बरेच महिने त्यांचं दार लावलेलं असायचं.

ताडू शिकली, विम्याच्या कचेरीत चांगल्या जागेवर लागली, आता निवृत्तीला आली आहे. अजूनही कुठेही गेली की पहिल्या रांगेत बसते. सभा असो, नाटक असो, कुणाचं लग्न असो. लोकांना वाटतं बाई मिरवायला पुढे बसते. आणि तिला काही विचारलं तर उत्तर माहीत असलं तरी ती आधी शेजारच्या माणसाकडे एकदा बघते. मला ते दर वेळी दिसतं. म्हणजे दिसायचं.

गेल्या महिन्यात तिने मला डोळ्यांच्या तपासणीला नेलं. मला वर्षभर धुकं दिसत होतं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. आवाजावरून माणसं ओळखायची, बोटांनी नाणी, वासाने दूध. चांगलं चाललं होतं. पण एकदा मी जिन्यात पोस्टमनला जावई समजून आत बोलावलं, चहा दिला आणि प्रकृतीबद्दल रागावले, तेव्हा ताडूला कळलं.

खोलीत अंधार केला. समोर कुठेतरी एक उजेडाचा चौकोन लागला. डॉक्टर पोरसवदा, आवाज गोड. “वाचा आजी.”

चौकोनात काहीच नव्हतं. मुंग्यासुद्धा नव्हत्या. पण परीक्षा म्हटल्यावर माझी पाठ आपोआप सरळ झाली, आणि जीभ चालायला लागली. “र. न ल. क प त. ग म व स...”

“आजी,” डॉक्टर म्हणाले, “तिथे आकडे आहेत.”

मग शेजारच्या खुर्चीतून ताडूचं हसू ऐकू आलं. ती इतकी हसली की तिला चष्मा काढून पुसावा लागला असणार, काच पदरावर घासल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, “मला एक मिनिट द्या, मला येतं.”

ताडूची खुर्ची सरकली. ती माझ्या कानाशी वाकली, मी एकदा तिच्या कानाशी वाकले होते तशी.

“आई, येतं ते सांगू नकोस. दिसतं ते सांग.”

मी त्या उजेडाकडे बघितलं. सेहेचाळीस वर्षं उशीर झाला होता, पण उत्तर मला माहीत होतं.

“दिसत नाही,” मी म्हटलं.

“शाब्बास,” ताडू म्हणाली.